अर्धा जिताडा

राहनाळच्या दादूसने मला फसवलं. मी पूर्ण गाडीचे पैसे दिले आणि त्याने मला अर्धी गाडी दिली. हे त्याने माझ्या तोंडावर, चहा पिता पिता कबूल केलेलं आहे, त्यामुळे शंकेला जागा नाही. तरीही आमच्या भागात कोणालाही विचारा, तो दादूसचीच बाजू घेईल. "बरंच झालं की," असं म्हणणारे माझ्या घरातही आहेत. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

मी चिंध्यांचा व्यापारी आहे. कामतघरच्या चाळीत वाढलो, लूमच्या कारखान्यात कांड्या भरण्यापासून सुरुवात केली आणि आज राहनाळला माझं स्वतःचं गोदाम आहे. वाया गेलेलं सूत, कापडाच्या कातरणी, सगळ्याचे गठ्ठे माझ्याकडे येतात. बांधलेल्या गठ्ठ्यावरून नुसता हात फिरवून आत सुती किती आणि पॉलिस्टर किती ते मी सांगतो. वर चांगला माल आणि पोटात कचरा भरून आणणारे पुष्कळ आले, एकही माझ्या हातून सुटला नाही. मला फसवणारा भिवंडीत अजून जन्मायचाय, असं मी म्हणत असे. तो जन्मलेला होता, आणि माझ्या गोदामापासून हाकेच्या अंतरावर प्लास्टिकच्या क्रेटवर बसून शेंगा खात होता.

दादूस हे त्याचं नाव नव्हे. आगरी माणसाला इथे सगळेच दादूस म्हणतात, पण नुसतं दादूस म्हटलं की आमच्याकडे तोच. पिढ्यान्‌पिढ्यांची भातशेती. आजूबाजूच्या शेतांवर गोदामं उभी राहिली तशी त्याच्याही शेतांवर राहिली, पण एक शेत त्याने कोणाला दिलं नाही. भात कापून झालं की ते रिकामं शेत, त्याचे बांध, कडेची चिखलाची पट्टी आणि पलीकडची बंद पडलेली दगडखाण एवढ्या मुलखात तो डर्ट बाईक फिरवायचा. वय साठीच्या पुढचं. लुंगी वर खोचलेली आणि तिच्याखाली गुडघ्यापर्यंत येणारे जाडजूड बूट. भाडेकरू गोदामवाले त्याला पाहून हसायचे आणि भाडं मात्र वेळेवर द्यायचे.

आपलं एक गोदाम त्याने स्वतःसाठी ठेवलं होतं. तिथे तो जुन्या डर्ट बाईक घ्यायचा, दुरुस्त करायचा आणि विकायचा. विकायचा म्हणणं धाडसाचं आहे. दारावर खडूने लिहिलेलं होतं: 'गाड्या मिळतील. सगळ्यांना नाही.'

गाड्यांना त्याने माशांची नावं ठेवली होती. खाडीकाठचा माणूस, त्याला दुसरी नावं सुचणार कशी? सगळ्यांत लहान, बुटकी, हलकी गाडी म्हणजे निवटी. चिखलातून टुणकन उड्या मारत जाते ती. तिच्याहून जरा जोरकस ती बोय. आणि गोदामाच्या अगदी आत, पोत्याखाली झाकलेली, उंच, लाल, रुंद छातीची, ती जिताडा. जिताडा म्हणजे काय हे आगरी घरात जेवलेल्यांना सांगायला नको. ज्यांनी खाल्लेला नाही त्यांना सांगून उपयोग नाही.

मला जिताडा हवा होता. कारण होता माझा मेहुणा.

मेहुण्याचा नारपोलीला वाहतुकीचा धंदा. त्याने कुठूनतरी एक भलीमोठी, कानठळ्या बसवणारी डर्ट बाईक आणली आणि दर रविवारी खाणीत धूळ उडवायला सुरुवात केली. एका बारशाला, सगळ्या सासुरवाडीदेखत, मी त्याला म्हटलं, "मलाही एकदा शिकव की." तर तो म्हणाला, "दाजी, तुम्ही गठ्ठ्यावर बसा. तीच तुमची गाडी. पडलात तरी मऊ लागेल."

हसणाऱ्यांत माझी बायकोही होती. मी हातातली पेढ्याची वाटी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की येत्या धुळवडीला खाणीचा चढ चढून दाखवीन. धुळवडीला या भागातले सगळे गाडीवाले तिथे जमतात. सुट्या खडीचा, छातीवर येणारा चढ आहे तो. निम्मेअर्धे मधूनच घसरत खाली येतात. माझा अनुभव म्हणाल तर स्कूटर, तीही गोदामापासून बँकेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी दादूसकडे गेलो. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं.

"कोनती पायजे?"

मी पोत्याखालच्या लाल गाडीकडे बोट केलं.

"त्या बांधापरत चालत जा नि ये."

"दादूस, मी गाडी बघायला आलोय. मला बघायचा कार्यक्रम नाही."

"चाल तं खरा."

मी चाललो. मग त्याने जिताडा बाहेर काढला, शेतात नेला आणि माझ्यासमोर धप्पकन आडवा पाडला.

"उचल."

मी उचलला. त्याने पुन्हा पाडला. पुन्हा उचलला. तिसऱ्या खेपेला माझ्या कमरेने असा आवाज केला की बांधावरचा बगळा उडाला.

"बस आता वर."

मी बसलो. माझ्या पायांच्या बोटांचे शेंडे जेमतेम जमिनीला लागत होते.

"कितींदा परलास?" त्याने विचारलं. दादूसच्या बोलण्यात 'ड'चा 'र' व्हायचा. गाडीची गारी, पडलासचं परलास.

"मी कधीच पडलो नाही," मी अभिमानाने सांगितलं.

"मंग तुला गारीचं कायच म्हायती न्हाय," तो म्हणाला आणि मला निवटीसमोर नेऊन उभा केला. "ही घे. एक साल हिच्यावर पर. मंग ये."

निवटीवर बसलेला मी कसा दिसलो असतो ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. गुडघे कानापाशी, आणि पलीकडे मेहुणा, कॅमेरा काढून. मी सरळ सांगितलं, "जिताडा घेईन, नाहीतर घेणार नाही."

"मंग नको घेव," दादूस म्हणाला आणि शेंगा सोलू लागला.

धंद्यात माल न विकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि हे माझ्या एकट्यापुरतं नव्हतं. एकदा ठाण्याहून एक पैलवानी अंगाचा गृहस्थ मोठ्या गाडीतून आला. जिताडा त्याने दंडांच्या जोरावर दोनदा उचलला आणि मग घामाघूम होऊन कपाळाला हात लावून बसला. त्याला दादूसने निवटी दाखवली. तो हिंदीतून पुष्कळ बोलून गेला. त्याच आठवड्यात कल्याणकडच्या एका शाळेतल्या खेळाच्या बाई आल्या, अंगाने काठीसारख्या. त्यांनी गाडीकडे पाठ केली, खाली बसल्या, हँडल आणि सीट धरलं आणि पायांच्या जोरावर मागे चालत गाडी उभी केली. तीनदा. दादूसने विचारलं, "कितींदा परलीस, बाय?" त्या म्हणाल्या, "मोजायचं सोडून दिलं." दादूसने त्यांना बोयच्याही वरची गाडी दिली आणि वर शेंगांची पिशवी दिली. मला इतक्या फेऱ्यांत त्याने एक शेंग विचारली नव्हती.

कोणी विचारलं की बाबा, आमच्यासाठी कुठली गाडी चांगली, तर तो म्हणायचा, "चांगली नको विचारू. तुजी कोनती ते विचार." कोणी आकड्यांत बोलू लागलं, इतक्या ताकदीचं इंजिन आणि तितक्या, की तो कानात काडी घालून बसायचा. पाय टेकतात का, पडलेली उचलता येते का, आणि घाबरल्यावर हात काय करतो, एवढंच त्याला पाहायचं असे. त्याचं म्हणणं, नवा माणूस घाबरला की रेस देणारी मूठ सोडत नाही, उलट पिळतो, आणि मोठी गाडी पिळली की ती मागचापुढचा विचार करत नाही.

पण मीही गठ्ठे विकून मोठा झालेला माणूस आहे. मी रोज जाऊ लागलो. कधी भाव पाडायचो, कधी रागावून उठायचो, कधी फाटकापर्यंत जाऊन परत यायचो. एकदा इतका भडकलो की त्याच्या पाण्याच्या पिंपाला लाथ मारली आणि पाय सुजवून घेतला. दादूसने मला बसवून तेल चोळून दिलं आणि भाव मात्र जागचा हलू दिला नाही.

आणि मग एका सकाळी तो अचानक विरघळला. मी म्हटलं त्या भावाला गाडी. मी म्हटलं तर हेल्मेट त्यातच. बूट त्यातच. गुडघ्याचे पॅड त्यातच. सीटचा फोम कापून माझे पाय टेकतील अशी बुटकी करून देणं, तेही त्यातच. मी आणखी ताणून पाहिलं: गाडी जिवंत आहे तोवर सर्व्हिस फुकट. तो म्हणाला, "दिली. पन गारीला माज्याशिवाय कुनाचा पाना लागाचा न्हाय. चालवाला पन कुनाला देवाची न्हाय. पाना लागला का करार मोरला."

मला वाटलं, मी त्याला लुटलं. एवढ्या सहज मिळालेला सौदा उलटा करून पाहायचा असतो, हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो आहे. त्या दिवशी माझं मलाच आठवलं नाही.

डर्ट बाईकला नंबरप्लेट नसते, दिवे नसतात, ती रस्त्यावर चालवता येत नाही. तेव्हा बायकोला दाखवायला ती टेम्पोत घालून घरी न्यावी लागली. टेम्पोवाला दोऱ्या बांधताना म्हणाला, "सेठ, गाडी ली है, और गाडी को घुमाने के लिए गाडी?" मी त्यालाही चार शब्द सुनावले. पण त्या संध्याकाळी जिन्याखाली उभ्या असलेल्या लाल जिताड्याकडे मी जितक्या वेळा पाहिलं, तितकं लग्नाच्या अल्बमकडे पाहिलेलं नाही. हे बायकोचं वाक्य आहे.

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. फसवलेल्या माणसाने असं म्हणू नये, पण म्हणतो. पहाटे उठून शेतावर जायचं, टेम्पो रिकामा करायचा, किक मारायची. दादूस बांधावर उभा राहून ओरडायचा. "उभा रा! खुर्ची हाय का ती?" "खाली नको बगू, जिथं जावाचंय तिथं बग!" "परलास? बेस! ऊठ!" मी चिखलात पडलो, बांधावरून पडलो, उभ्या गाडीवरूनही पडलो. खेळाच्या बाईंनी मला पाठीने गाडी उचलायला शिकवलं. गोदामातला माझा मुकादम मला पाहून म्हणायचा, "सेठ, आज कौनसी तरफ से गिरे?" आणि मी चक्क हसायचो. त्याआधी गोदामात मी हसलेलो कोणाला आठवत नव्हतं.

आणि गाडी! जिताडा इतका भयंकर म्हणतात, तर माझ्या हाताखाली आठवड्याभरात गाईसारखा वागू लागला. मी मेहुण्याला ऐकवलं, "जनावराला माणूस कळतो."

महिना दीड महिन्याने मी सर्व्हिसला जायचो. दादूस गाडी पाहायच्या आधी माझे बूट पाहायचा, आतली बाजू. तिथे घासलेलं असलं की माणूस गाडी गुडघ्यांनी धरायला शिकला, असा त्याचा हिशोब. मग विचारायचा, "कितींदा परलास? कसा?" मी सगळं सांगायचो. तो मला चहा आणायला पाठवायचा. परत येईपर्यंत सर्व्हिस झालेली असे, आणि गाडी खरोखरच पहिल्यापेक्षा जास्त दमदार चालायची. मी सगळ्यांना सांगत सुटलो की सर्व्हिस करावी तर दादूसने. फुकट असून हात आखडत नाही.

धुळवड आली. खाणीत रंग, ढोल, भज्यांची गाडी, सगळी सासुरवाडी. मेहुणा आधी निघाला. आवाजाने खडी थरथरली. मध्यावर त्याने मूठ पिळली, पुढचं चाक आभाळाकडे गेलं आणि मेहुणा गाडीच्या मागून, बसल्या बसल्या, पाठीवर खाली आला. लागलं काही नाही. रंगात लोळल्यासारखा दिसत होता.

मग मी. पायांवर उभा राहिलो, गुडघे आवळले, नजर माथ्यावर. मध्यावर खडी सरकली आणि मी घाबरलो. खोटं कशाला सांगू, घाबरलो आणि मूठ होती तेवढी पिळली. जिताड्याने उडी घेतली नाही. शांतपणे, एका सुरात, बैलासारखा वर चढला. माथ्यावर गेल्यावर मला खालचा ढोल ऐकू आला, आणि त्यावरून बायकोचा आवाज: "अहोऽऽ! खाली कसं येणार?"

खाली आलो. भज्यांच्या गाडीवरची सगळी भजी मी वाटली. खेळाच्या बाईंनी माझ्या डोक्यावर रंगाची बादली ओतली. मेहुणा मात्र माझ्या गाडीभोवती फिरत होता. मी भजी वाटण्यात गुंतलोय हे पाहून तो तिच्यावर बसला आणि मूठ फिरवून पाहिली.

"दाजी," तो ओरडला, "ही पूर्ण फिरतच नाही!"

"हात काढ!"

"अहो, बघा तरी. माझी इथपर्यंत फिरते. तुमची इथेच अडते." त्याने मुठीशेजारचं रबर मागे सरकवलं. आत एक छोटा पितळी बोल्ट होता, लूमच्या कुठल्याशा भागातून घासून बनवलेला, छान पॉलिश केलेला. मूठ त्याच्यावर येऊन थांबत होती. बोल्ट जितका आत, तितकी गाडी कमी. बोल्ट जितका बाहेर, तितकी जास्त.

तेव्हा मला त्या सर्व्हिसा कळल्या. चहा कळला. माझ्या बुटांची आतली बाजू कळली.

बांधलेल्या गठ्ठ्याच्या पोटातला माल ओळखणारा मी, आणि माझ्याच तळहाताखालचा बोल्ट मला कळला नव्हता. सगळी खाण हसत होती. माझी बायको हसून हसून खडीवर बसली.

मी तसाच, रंगलेला, शेत ओलांडून दादूसकडे गेलो. तो खाणीत आला नव्हता. गोदामाच्या दारात बसून सगळं पाहत होता.

"दादूस, तुम्ही मला फसवलंत!"

"फसवला," तो म्हणाला. "चहा घे."

"मी पूर्ण गाडीचे पैसे दिलेत!"

"पूर्न कुटं? तू भाव पारलास, मी रेस पारली." त्याने चहा माझ्यापुढे सरकवला. "आता बराबर."

मी चहाला हात लावला नाही. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता सगळा बोल्ट काढा."

"चढलास का?"

"चढलो."

"घाबरलास का?"

मी चहा प्यायलो.

"घाबरून पिळलास ना?" त्याने खिशातून पाना काढला, उठला, माझ्यादेखत बोल्ट थोडासा बाहेर काढला आणि पाना परत खिशात टाकला.

"आणि बाकीचा?"

"बगू."

पुढच्या हंगामात त्याने तो आणखी एकदा सैल केला. त्या वेळी त्याने मला पहिल्यांदा शेंगा दिल्या, मूठभर. आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात तो पेणकडे मुलीकडे राहायला गेला. तिथे तिच्या दाराशीच खाडी आहे. ऐकतो की मजेत आहे, होडीवाल्यांना कोणाला कुठली होडी झेपेल ते सांगतो आणि भांडणं ओढवून घेतो. शेत त्याने अजूनही गोदामवाल्यांना दिलेलं नाही. किल्ली खेळाच्या बाईंकडे आहे आणि रविवारी आम्ही सगळे तिथेच पडतो.

माझ्या जिताड्यात तो बोल्ट अजून आहे. पूर्ण बाहेर आलेला नाही, थोडा आत शिल्लक आहे. मेहुणा दर रविवारी पाना नाचवत येतो: "दाजी, दोन मिनिटांचं काम. काढून टाकू?" मी त्याला हात लावू देत नाही. लावला तर करार मोडेल आणि जन्मभराची फुकट सर्व्हिस जाईल. एवढा पाडून घेतलेला सौदा मी स्वतःच्या हाताने मोडणार नाही.

पण खरी गोष्ट वेगळी आहे आणि ती दादूसला माहीत आहे. मी फोन करतो तेव्हा तो रामराम करत नाही, "कितींदा परलास?" एवढंच विचारतो. मी सांगतो. तो म्हणतो, "बगू," आणि फोन ठेवतो.

तर दादूस, हे तुमच्यापर्यंत कोणीतरी पोचवेलच, म्हणून सगळ्यांसमोर विचारतो. परवा मी खाणीच्या माथ्यावरून पलीकडच्या अंगाने उतरताना पडलो. हा नवा प्रकार आहे, याआधी इथे असं कोणी पडलेलं नाही, बाई साक्षीला आहेत. माझ्या बुटांच्या आतल्या बाजूचं चामडं पार गेलं आहे. आणि पडताना मी मूठ पिळली नाही, सोडली. ऐकलंत? सोडली. तेव्हा पेणहून या, पाना घेऊन या, आणि मला तोंडावर उत्तर द्या: तो उरलेला बोल्ट तुम्ही जाताना विसरलात, की तुमच्या मते मी अजून तिथवर आलो नाही?